डायनिंग टेबलवरचं चर्मकाम

चामड्याचं काम शिकायचं ठरलं की माणूस त्याच रात्री ऑनलाइन शोधाशोध करतो आणि त्याला तो संच सापडतो. काळ्या गुंडाळीत चाळीस-पन्नास नग, सगळे चकचकीत, आणि किंमत अशी की मोह व्हावा. तो घेऊ नका. त्यातली कामाची हत्यारं जेमतेम सहा-सात असतात आणि नेमकी तीच निकृष्ट निघतात. नक्षीचे ठसे मात्र भरपूर. ते वापरायची वेळ येईपर्यंत आपल्याला काय हवं ते कळलेलं असतं, आणि ते त्या संचात नसतं.

मी भोसरीला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर मायक्रोमीटर नि गेज. चर्मकाम करते ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, रविवारी. वेगळी खोली नाही, मशीन नाही आणि खालच्या मजल्यावर ठोकाठोकीचा तिटकारा असलेले एक आजोबा आहेत. त्यामुळे पुढे जे सांगते ते एका टेबलावर मावेल, एका डब्यात भरून ठेवता येईल आणि शेजारधर्म शाबूत राहील एवढंच आहे. माझं मत विचाराल तर पैसे कातड्यावर घाला, वेळ धारेवर घाला आणि बाकी सगळ्यात खुशाल चिक्कूपणा करा.

कातडं घेताना

कच्चं कातडं सडतं. ते सडू नये म्हणून कमावतात, आणि कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन. जुनी पद्धत झाडांच्या टॅनिनची: बाभळीची साल, हिरडा, तरवड. यात आठवडे जातात. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच तयार होतं. पारंपरिक रीतीत तर कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचा अर्क भरून ती टांगून ठेवतात, म्हणजे अर्क आतून बाहेर झिरपत सगळ्या जाडीभर मुरतो. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती १९व्या शतकात निघाली आणि दिवसा-दोन दिवसांत काम उरकते. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक पर्सा, बूट आणि सोफे क्रोमचे असतात.

शिकणाऱ्यानं पहिलं कातडं झाडसालीचंच घ्यावं. बाजारात त्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात. ते सुरीखाली सरळ कापलं जातं, ओलं करून दाबलं की घडी धरतं, कडा घासल्या की गुळगुळीत होतात. क्रोमचं कातडं मऊ असतं, सुरीबरोबर सरकतं, ताणलं जातं, आणि त्याच्या कडा कितीही घासा, तंतू सुटतच राहतात. मग कडांना रंगाचे थर द्यावे लागतात आणि तो रंग नीट बसवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. ते नंतर बघता येईल.

आता दुकानदार काहीही दाखवून “व्हेजच आहे ताई” म्हणणार. त्याचं ऐकून घ्यायचं आणि तुकड्याची कापलेली कड बघायची. झाडसालीचं कातडं आतपर्यंत तपकिरी-बदामी असतं. क्रोमच्या पोटात बऱ्याचदा निळसर-करडी छटा दिसते, पण रंग आरपार मुरवलेला असेल तर ती लपते. न रंगवलेल्या, न पॉलिश केलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो पटकन शोषला जातो आणि गडद डाग उमटतो. तरीही शंका राहिली तर एक चिंचोळी पट्टी घरी आणून उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. झाडसालीची पट्टी आक्रसून वेडीवाकडी आणि कडक होते, क्रोमची बऱ्यापैकी तशीच राहते. क्रोमचं कातडं उकळत्या पाण्याला टिकतं, व्हेज टॅन त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला हार मानतं. या कसोटीत फसवाफसवीला जागा नाही.

‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याला फारसा अर्थ नाही, वरचा थर सोलून उरलेल्या खालच्या थरावरही तो शिक्का मारतात. ‘बाँडेड लेदर’ म्हणजे कातड्याचा भुसा आणि प्लास्टिक. आपल्याला हवं ते ‘फुल ग्रेन’, म्हणजे ज्याचा वरचा पृष्ठभाग घासून काढलेला नाही असं. त्यावर ओरखडे, डासांच्या चाव्यांच्या खुणा, शिरांच्या रेषा दिसतील. त्या असाव्यात. पृष्ठभाग अगदी एकसारखा, छापल्यासारखा दिसला तर बहुधा तो छापलेलाच असतो.

एकाच जनावराच्या कातड्यात पाठीचा भाग घट्ट, खांद्याचा जरा सैल नि सुरकुतलेला, पोटाचा ताणला जाणारा. दोन हातांत धरून आडवं-उभं ओढून बघा, लगेच कळतं. बेल्ट पाठीचाच हवा, पोटाचा केलात तर महिन्याभरात त्याची भोकं लंबगोल होतात. पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना पोटाचा तुकडाही चालून जातो. आपल्याकडे म्हशीचं कातडं जास्त मिळतं. त्याचा पोत रांगडा, पण बेल्टला उत्तम. अस्तराला बकरीचं घ्या.

जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. कार्डाच्या कव्हरला १.२, पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना ०.८ ते १, बेल्टला ३ ते ३.५. मी पर्समध्ये व्हर्नियर घेऊनच जाते. दुकानदार हसतात, हसू देत. एकाच कातड्यात मानेपासून शेपटापर्यंत जाडी बरीच बदललेली निघते. मात्र मोजताना व्हर्नियरचे जबडे दाबू नका, कातडं दबतं आणि आकडा खोटा येतो.

अख्खं कातडं चौरस फुटांवर विकतात. पहिल्या खेपेला ते घ्यायचंच नाही. बॅगा आणि बेल्ट करणाऱ्यांकडची कात्रणं किलोवर मिळतात, शिकायला तीच बरी. पुण्यात कुठे मिळतात याचं खरं उत्तर तुमच्या चौकातल्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे आहे. ते माल कुठून आणतात ते विचारा, पेठेतल्या चप्पल-बुटांचा माल पुरवणाऱ्या दुकानाचा पत्ता मिळेल. मुंबईला जाणं होत असेल तर धारावी आहेच. डेक्कन क्वीननं दादर, तिथून लोकलनं सायन, आणि सायन-वांद्रे लिंक रोडला लागलं की दुकानांची रांग. कोल्हापूरला गेलात तर चप्पल लाइनमध्ये चप्पल घेताना कारागिराकडे उरलेले तुकडे मागून बघा. जाड असतात, पण धार, भोकं आणि कडा यांच्या सरावाला त्याहून चांगलं काही नाही.

काकांशेजारी बसा

हे वेगळं सांगते, कारण छंद म्हणून शिकणारे नेमकं हेच टाळतात. जपानी कारागिराचे व्हिडिओ रात्र-रात्र बघतील, पण ज्यांच्याकडून दर पावसाळ्यात चपलेचा अंगठा लावून घेतात त्यांना एक प्रश्न विचारणार नाहीत.

हे काम आपल्या समाजानं जातीच्या भिंतीआड ठेवलं. कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाकडे, जोडे-चपला करण्याचं चर्मकार समाजाकडे, आणि वापरणारे बाकी सगळे. आज त्याच कामाला ‘लेदर क्राफ्ट’ म्हटलं की कार्यशाळेचं तिकीट लागतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसल्याच चपला चालवल्या तेव्हा आपल्या सगळ्यांना एकदम अभिमान आला. तो खरा असेल तर काकांशेजारी तासभर बसायला लाज वाटू नये. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, घासाघीस न करता द्या, आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपार बरी.

तिथे काय बघायचं? रापी कशी धरतात ते. रापी म्हणजे रुंद, गोलसर धारेची पोलादी पट्टी. तिनं ते कापतात, कड पातळ करतात, टाच तासतात, सगळं एकाच हत्यारानं. दुसरं हत्यार आरी, म्हणजे कातड्याला भोक पाडायचा मुठीचा टोच्या. त्यांच्या आरीच्या टोकाशी खाच असते. ती तळातून खाली जाते, खालच्या हातातला दोरा खाचेत अडकवून वर आणते, त्या फासातून दुसरं टोक ओवलं जातं आणि टाका बसतो. चपलेच्या दुरुस्तीला ही शिवण झटपट आणि चोख. आपल्या कार्डाच्या कव्हरला आपण वेगळी, दोन सुयांची शिवण घालणार आहोत. पण डावा हात न बघता दोरा नेमका कसा शोधतो, ते तिथेच बघायला मिळतं.

हत्यारं

कापायला स्टेशनरीच्या दुकानातला पाती मोडता येणारा कटर पुरतो, पात्याला खेळ नसलेला, घट्ट बसणारा घ्या. ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी, प्लास्टिकची नको. कटिंग मॅट अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळते. शिवणीची रेघ आखायला कंपासपेटीतलं कर्कटक काढा. वर्गात पुढच्या बाकावरच्याला टोचायला ज्याचा उपयोग व्हायचा, तेच. त्याचा स्क्रू घट्ट करून एक टोक कडेवर टेकवायचं आणि दुसऱ्यानं कडेला समांतर रेघ ओढायची. दुकानात ‘विंग डिव्हायडर’ म्हणून मिळतं ते वेगळं काही करत नाही.

भोकं पाडायला ४ मिलिमीटर अंतराचे ‘डायमंड चिझेल’ दोन घ्या, एक दोन दातांचा कोपऱ्यांसाठी, एक चार दातांचा सरळ रेषेसाठी. इथे पैसे वाचवू नका. स्वस्त चिझेलचे दात जाडेभरडे असतात आणि भोकात अडकून बसतात. दातांचा आकार चौकटसारखा, तिरका असतो. त्या तिरक्या फटींमुळेच शिवण तिरप्या टाक्यांची, देखणी दिसते. गोल भोकात टाका सरळ नि ढिला बसतो.

ठोकायला लाकडी मोगरी किंवा नायलॉनचा हातोडा. लोखंडी हातोडीनं चिझेलचं डोकं फुटतं. मोगरी, धार लावायचा कुरुंदाचा दगड, जमलं तर रापीही, रविवार पेठेत बोहरी आळीत आणि तिच्या आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारलीत तर जुन्या पोलादाची रापी किंवा सुताराची मोगरी हाती लागू शकते. वरचा गंज घासून जातो, खोल खड्डे पडलेलं पातं मात्र घेऊ नका.

ओट्याचे ग्रॅनाइट कापून देणाऱ्यांकडे सिंकच्या जागेचा उरलेला तुकडा मागा. त्यांना तो टाकायचाच असतो. फूटभर चौरस, जड आणि सपाट, यापेक्षा चांगला ठोकळा बाजारात नाही. त्याच्यावर भाजी कापायचा जुना प्लास्टिक बोर्ड ठेवायचा, म्हणजे चिझेलचे दात दगडावर आपटत नाहीत, आणि खाली सतरंजीची चौपदरी घडी. हा सगळा ढिगारा टेबलाच्या मधोमध न ठेवता पायाच्या बरोबर वर ठेवा, आवाज निम्म्यानं कमी होतो. तरीही आमच्या आजोबांची दुपार एक ते चार ही वेळ मी पाळते. त्या वेळात चिझेलनं फक्त खुणा उमटवून घ्यायच्या, ठोकायचं नाही, आणि भोकं साध्या आरीनं हातानं पाडायची. वेळ लागतो, पण हात तयार होतो.

दोन सुया, बोथट टोकाच्या. न मिळाल्या तर गोणपाटाच्या शिवणीची बारीक सुई घेऊन तिचं टोक पॉलिश पेपरवर घासून गोल करा. टोकदार सुई भोकात आधीच असलेल्या दोऱ्याला छेदून जाते आणि मग तो टाका कधीच घट्ट ओढता येत नाही. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. साधा मजबूत दोराही चालतो, मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढला की झालं. गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकलेला एखादा मधपाळ पुण्यात ओळखीपाळखीत निघतोच, मेण त्याच्याकडून मिळवा. मेणबत्तीचं मेण नको, ते ठिसूळ असतं आणि शिवताना भुकटी होऊन गळतं.

धार

चर्मकामात बिघडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच बोथट पात्यामुळे बिघडतात, आणि कापलेल्या बोटांचंही तेच. बोथट पात्याला जोर लावावा लागतो. जोर लावला की पट्टी सरकते, आणि पट्टीवर आपलाच डावा हात असतो.

कटरचं पातं कंजूषपणे वापरू नका, टोक जरा गेलं की मोडून पुढचं घ्या. रापीला मात्र धार लावायलाच शिकावं लागतं. कुरुंदाच्या दगडावर थोडं तेल किंवा पाणी, पात्याची उतरती बाजू दगडावर पूर्ण टेकलेली, आणि कोन शेवटपर्यंत तोच. कोन हातानं धरता येतोय की नाही ते बघायला धारेच्या उतारावर मार्कर पेनानं काळं करा आणि चार वेळा घासून बघा. शाई धारेच्या टोकाकडून निघाली नसेल तर तुम्ही पातं फारच आडवं धरलंय, फक्त टोकाचीच निघाली असेल तर फार उभं. सगळा उतार सारखा उजळला की कोन बरोबर. ही युक्ती आमच्या टूलरूममधली आहे.

एका बाजूनं घासता घासता दुसऱ्या बाजूला बारीक कणी चढते. नखाला ती खरखरीत लागते. ती सगळ्या लांबीभर चढली की त्या बाजूचं काम संपलं. मग पातं उलटवून हलक्या हातानं कणी काढायची. शेवटी चामड्याची पट्टी लाकडावर चिकटवून तिच्यावर पॉलिशिंगची हिरवी वडी घासा आणि धार त्यावरून मागे ओढा. मागेच, पुढे ढकललीत तर पट्टी कापली जाईल. काम करताना दर थोड्या वेळानं हे मागे ओढणं चालू ठेवलं तर दगडाकडे क्वचित जावं लागतं.

धार लागली का, हे कागद कापून बघू नका, कागद बरीच पाती कापतात. व्हेज टॅनच्या जाड तुकड्याची कड तिरकी तासा. कापलेला भाग चकाकला तर धार आहे. मळकट, तंतुमय दिसला तर परत दगडावर.

कापताना पट्टी नेहमी ठेवायच्या भागावर, पातं बाहेरच्या बाजूला. म्हणजे घसरलं तरी टाकाऊ भागात घसरेल. पहिला हात हलका, फक्त खाच पाडायला. दुसरा, तिसरा त्याच खाचेतून. एका झटक्यात कापायची हौस नको. पातं उभं धरा, तिरकं झालं तर दोन थर जुळत नाहीत.

पहिली वस्तू: कार्डाचं कव्हर

मेट्रोचं कार्ड, बँकेचं कार्ड, सगळी एकाच मापाची: ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. दोन तुकडे कापा, प्रत्येक ९८ बाय ६४. दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटर शिवणीत जातात, आत ९० उरतात, एखाददुसरं कार्ड सैलसर बसतं. तीन कार्डं कोंबायची असतील तर रुंदी १०१ करा. आधी हे जाड पुठ्ठ्यावर कापून बघा, कार्ड घालून बघा, मगच कातड्यावर हात टाका. पुठ्ठ्याचा तो नमुना जपून ठेवा.

वरच्या लांब कडेच्या मध्यावर दहाचं नाणं अर्धं आत, अर्धं बाहेर ठेवून गोलाई आखा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, अंगठ्यानं कार्ड सरकवायला ही खाच बरोबर पुरते. दोन्ही तुकड्यांना ती कापा. गोलाई कापताना पातं फिरवण्यापेक्षा कातडं फिरवा.

आता एक क्रम लक्षात ठेवा: वरची, तोंडाची कड शिवण्याआधीच घासून पूर्ण करायची. एकदा शिवलं की आतल्या बाजूनं तिथे हात पोचत नाही. बाकी तीन कडा शिवून झाल्यावर.

चिकटवायला चप्पलवाले वापरतात तसलं सोल्युशन, फेविकॉलचा एसआर प्रकार चालतो. पांढरा फेविकॉल नको, तो वाळल्यावर कडक होतो. तीन कडांना तीन-साडेतीन मिलिमीटरचा पट्टा, दोन्ही तुकड्यांना, पातळ. मग थांबायचं. बोट टेकवल्यावर चिकटून तार येत नाही, इतकं सुकू द्यायचं, मगच जोडायचं. एकदा चिकटलं की सरकत नाही, म्हणून आधी एक कोपरा जुळवा आणि तिथून पुढे दाबत जा. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बसू नका, त्याचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो.

जोडलेल्या कडा एकत्र तासून सारख्या करा. कर्कटक ४ मिलिमीटरवर लावून तीन बाजूंना रेघ ओढा. चिझेल ठोकताना आधीच्या शेवटच्या भोकात पहिला दात ठेवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही. कोपऱ्यावर भोक नेमकं यावं म्हणून दोन कोपऱ्यांवर आधी खुणा करा आणि मधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर शेवटच्या चार-पाच भोकांत केसाकेसानं वाटून टाका. डोळ्याला कळत नाही. चिझेल अगदी उभा हवा. झुकला तर पुढून रेघ सरळ आणि मागून नागमोडी.

शिवणीची लांबी साधारण २१ सेंटिमीटर. दोरा तिच्या चौपट, वर सुयांसाठी थोडा, म्हणजे मीटरभर घ्या. एकच दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई. वस्तू गुडघ्यांत धरा किंवा दोन लाकडी पट्ट्यांत धरून मोठे क्लिप लावा, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. पहिल्या भोकातून दोरा अर्ध्यावर आणा. पुढच्या प्रत्येक भोकात आधी डावी सुई उजवीकडे काढायची, मग उजवी सुई त्याच भोकातून डावीकडे, दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या नेहमी एकाच बाजूनं, आणि दोन्ही दोरे सारख्या जोरानं ओढायचे. दुसरी सुई घालताना पहिला दोरा जरासा मागे खेचून धरा, म्हणजे त्याला भोसकलं जाणार नाही. टाक्यांचा कल एखाद्या ठिकाणी बदललेला दिसला तर तिथे क्रम उलटला आहे. तेवढं उसवून पुन्हा घाला, पुढे गेल्यावर ते डोळ्यात खुपत राहतं.

मशीनची शिवण दोन दोऱ्यांच्या गाठींची असते, एक टाका तुटला की उसवत जाते. या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात. एक झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. घोड्यांची खोगिरं अशीच शिवत, कारण तिथे टाका उसवणं स्वाराला परवडणारं नसतं. शेवटी दोन भोकं उलटं येऊन दोरा अगदी जवळ कापा आणि पॉलिएस्टर असेल तर लायटरनं टोक वितळवून दाबा. शिवणीवरून गुळगुळीत हातोडीनं हलके ठोके दिले की टाके कातड्यात बसतात.

कडा

लोक पाकीट हातात घेतात आणि नकळत कडेवरून बोट फिरवतात. म्हणून कडेला शिवणीइतकाच वेळ द्या.

आधी दोन्ही धारदार कोपरे अगदी थोडे तासून घ्या. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६०० किंवा ८००. कड बोटानं ओलसर करा, ओलीचिंब नाही. मग गोंद कतीऱ्याचं पाणी. ट्रॅगाकँथ म्हणून इवल्या बाटलीत विकतात त्या जागी आपला गोंद कतीरा मस्त चालतो. चिमूटभर रात्री वाटीभर पाण्यात भिजवा, फुगून जेली होते, सकाळी फडक्यातून पिळून घ्या. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो, पण बाटलीवर नाव लिहा. उन्हाळ्यात आमच्या घरी सरबताचा गोंद कतीराही त्याच कप्प्यात असतो.

कडेला हे लावून जुन्या लाटण्याला पाडलेल्या खाचेत ती जोरात, भराभर घासा. लाटणं निवृत्त झालेलंच घ्या, परत पोळ्यांना नाही. घर्षणाची ऊब आणि डिंक मिळून तंतू दबतात आणि कड काचेसारखी चमकते. चमक नाही आली तर पुन्हा पेपर, पुन्हा पाणी, पुन्हा लाटणं. शेवटी मेणाचा एक हात आणि सुती फडकं.

रंग आणि पावसाळा

पहिल्या चार-पाच वस्तू रंगवू नका. नैसर्गिक व्हेज टॅन उन्हानं आणि हाताच्या तेलानं आपोआप गडद होतं. सज्जात दोन-तीन दिवस ऊन दाखवलं तर सुरुवातही होते. खोबरेल तेल चोपडू नका, पुण्याच्या थंडीत ते गोठतं आणि वर पांढुरकं दिसतं. मेणाचं हलकं मलम पुरतं.

काळा रंग हवाच असेल तर विकत घेऊ नका. भांडी घासायच्या लोखंडी तारेचा साबण नीट धुऊन ती व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण सैल ठेवून, कारण आत वायू तयार होतो. गाळून ते पाणी व्हेज टॅनवर लावलं की लोखंड नि टॅनिन मिळून कातडं बघता बघता काळं पडतं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आंबटपणा मारा आणि सुकवा. कातड्यात टॅनिन कमी वाटलं तर आधी हिरड्याचं पाणी द्या. हिरडा आपल्याच जिल्ह्यातला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी तो गोळा करतात आणि काष्ठौषधीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. याच कारणानं ओलं व्हेज टॅन लोखंडी वस्तूवर ठेवायचं नाही. ओल्या कातड्यावर विसरलेली कात्री आपला आकार काळ्या डागात सोडून जाते, आणि तो डाग सहसा निघत नाही.

जून ते सप्टेंबर कातडं प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर हिरवी-पांढरी बुरशी नक्की. सुती कापडात सैल गुंडाळा, भिंतीला टेकवू नका, आठवड्यातून एकदा पंख्याखाली पसरा. बुरशी आलीच तर सज्जात नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, घरात झटकू नका. मग पाणी घातलेल्या व्हिनेगरचा हात आणि वाऱ्यावर सुकवणं. थेट उन्हात ओलं कातडं तडकतं.

दुसरी वस्तू

कव्हर जमलं की लोक थेट बॅगेकडे जातात. मधे एक बेल्ट करा. तो सोपा आहे आणि रोज वापरात राहतो, म्हणजे चुका आपणहून दिसतात. ३.५ मिलिमीटरची, ३५ मिलिमीटर रुंद पट्टी दुकानातूनच सरळ कापून घ्या, घरी चार फूट सरळ कापणं पहिल्या फेरीत जमत नाही. बक्कल पितळेचं, कारण वर सांगितलेला लोखंड-टॅनिनचा खेळ घामानंही होतो. बक्कल वळवायच्या जागी रापीनं मागून निम्मी जाडी तासून टाका, नाहीतर तिथे ढेकूळ राहतं. भोकं पाच, एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर, मधलं भोक नेहमीच्या मापाचं.

आणि माप जुन्या बेल्टवरून घ्या, बक्कल जिथे वळतं तिथपासून रोज वापरायच्या भोकापर्यंत. कुणाला भेट द्यायचा असेल तर त्याच्या कपाटातून बेल्ट गुपचूप आणून मोजा. “माझी कंबर चौतीस” यावर विश्वास ठेवून कातडं कापू नका.